स्टोअरकीपरसाहेब ऐकायला लागतात

वस्त्यांमध्ये आरोग्याचं काम करणाऱ्या त्या संस्थेत स्टोअरकीपरसाहेबांवर चौदा वर्षांत औषधांच्या कपाटाच्या किल्ल्यांपलीकडे कुणी काही सोपवलं नव्हतं. त्यामुळे यंदाच्या रिट्रीटमध्ये (म्हणजे सगळ्या स्टाफने दोन दिवस बाहेरगावी जाऊन एकमेकांना समजून घ्यायचं) 'लक्षपूर्वक ऐकणे' हे सत्र घ्यायला कुणी तयार होईना, तेव्हा त्यांचा हात आपोआप वर गेला. संचालकबाईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिलं आणि नाव लिहून घेतलं.

सत्राच्या कागदावर तीन नियम होते: नजर हलवायची नाही, मान डोलवायची, आणि समोरचा जे बोलेल तेच आपल्या शब्दांत परत सांगायचं. सरावाला हक्काचं माणूस घरातच होतं.

"अहो, गिझर गळतोय."

साहेबांनी पेपर खाली ठेवला. (बायको इथेच दचकली.) "म्हणजे गिझरमधून पाणी येतंय, असं तुला वाटतंय."

"वाटतंय कसलं? बादली लावलीय!"

"बादली लावावी लागली, याचा तुला त्रास झाला," साहेब म्हणाले आणि मान डोलवू लागले.

आठ दिवस हाच प्रकार. लग्नापासून नुसत्या 'हं'वर संसार रेटलेला माणूस टक लावून बघतो काय, मान डोलवतो काय! बायकोला हे काहीतरी दुखणंच वाटलं. तिने गुपचूप संस्थेतल्या नर्सताईंना फोन लावला. ताई म्हणजे पक्षाघाताची लक्षणं झोपेतून उठवलं तरी घडाघडा सांगणारी बाई. रविवारी सकाळीच बीपीचं मशीन घेऊन दारात हजर.

"साहेब, जरा हसून दाखवा बघू."

साहेबांना वाटलं, ताई सत्राची तयारी करून घ्यायला आल्यात. ते तोंडभर हसले. "म्हणजे मी हसावं, अशी तुमची इच्छा आहे."

ताईंनी वहिनींकडे पाहिलं. वहिनींचे डोळे भरले.

"आता दोन्ही हात वर करा."

"माझ्या हातांबद्दल तुम्हाला काळजी वाटतेय."

"मी ॲम्ब्युलन्स बोलावते," ताई म्हणाल्या.

तेव्हा कुठे साहेबांच्या डोक्यात प्रकाश पडला. खिशातून कागद काढून त्यांनी सगळं सांगून टाकलं. "ताई, मी ठणठणीत आहे हो! चौदा वर्षांनी एक सत्र मिळालंय, तेवढं काढून घेऊ नका."

ताईंनी बीपी पाहिलं. नॉर्मल. तरी खात्री करून घ्यावी म्हणून विचारलं, "बरं, या आठ दिवसांत वहिनी तुम्हाला काय काय बोलल्या? एक तरी गोष्ट सांगा."

साहेब आठवू लागले. नजर हलली नव्हती, हे आठवत होतं. मान कितीदा डोलवली, तेही आठवत होतं.

"हिची आई येणार आहे," ते एकदाचे म्हणाले.

"आई येऊन परत गेली," बायको म्हणाली.

ताईंनी सत्राच्या कागदाची घडी घालून तो आपल्या पर्समध्ये टाकला. साहेबांचा चेहरा एवढासा झाला.

बायकोने मात्र आठ दिवसांत पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. "हुश्श! म्हणजे प्रकृती अगदी पूर्वीसारखी आहे."