आज श्रीलंका बंद

पहाटे सहाला वाळूजच्या शिफ्टबसमध्ये चढताना माणसं जांभई देतात. भानूमामा बातमी देतात. "आज श्रीलंका बंद!"

"का हो मामा?" कुणीतरी डोळे न उघडताच विचारतं.

"पुनव हाय. तिथं दर पुनवेला सुट्टी असती. आपल्याकडं नुसता उपास. चला, कुणीतरी तर झोपलं!"

एवढं बोलून ते खिडकीला डोकं टेकवतात आणि स्वतःही झोपतात.

मामा आमच्या कारखान्यात डिस्पॅचला आहेत. माल खोक्यांत, खोकी कंटेनरमध्ये आणि कंटेनर बंदराकडे, हे त्यांचं काम. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांनी पाठवलेला माल जपानला पोचला तो नेमका तिथल्या सुट्ट्यांच्या आठवड्यात. उतरवून घ्यायला कुणी नाही. साहेबांनी त्यांना सगळ्यांदेखत झापलं. तेव्हापासून मामा देशोदेशीच्या सुट्ट्या वहीत लिहायला लागले, ते अजून लिहीतच आहेत. जिथं आमचा एक नटबोल्टसुद्धा जात नाही, ते देशही त्यांनी सोडले नाहीत. जपानात डोंगराची सुट्टी वेगळी, समुद्राची वेगळी, म्हाताऱ्यांची वेगळी. थायलंडात राजाच्या नावानं नांगर धरतात, त्याची सुट्टी. "आपल्याकडं नांगर धरायचा तर रजा टाकावी लागती," मामा म्हणतात.

खरं सांगतो, मला त्या वहीचा वीट आला होता. आठ तास उभं राहून पाय सुजलेले असताना भूतानच्या आंघोळीच्या सुट्टीचं कौतुक कुणाला असतं? मी मान हलवायचो आणि मनात घड्याळाचे काटे ढकलायचो.

मामांची बायको, म्हणजे आमच्या मामी, करमाडला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. घर सिडकोत, मध्येच. रोज सकाळी मामा पश्चिमेला जातात, मामी पूर्वेला. आमची सुट्टी शुक्रवारी, शाळेची रविवारी. मामांनी रविवारी रजा मागावी, तर कंटेनर भरायचा वार तोच. उरले सगळ्यांच्या सुट्टीचे दिवस. सव्वीस जानेवारी, एक मे, पंधरा ऑगस्ट आणि आपला मराठवाडा मुक्तीचा सतरा सप्टेंबर, चारही दिवशी मामी शाळेत झेंड्यापुढे. दिवाळीला घर पाहुण्यांनी भरलेलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मामी सोयगावला, अंथरुणाला खिळलेल्या आईपाशी.

"बावीस वर्सं झाली लग्नाला," मामा एकदा डबा खाताना म्हणाले. "जपानची माणसं सुट्टी काढून अजिंठा बघायला येतात. ही दरसाल तिथनंच माहेरी जाती. दोघं मिळून काय आम्ही गेलो नाय. लेण्याचं जाऊ द्या, दोघं मिळून घरातबी बसलो नाय."

मी हसलो. तेही हसले. त्यांना दोघांचा मिळून एकच दिवस हवा होता, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

दरवर्षी डिसेंबरात पुढच्या वर्षाच्या सुट्ट्या ठरतात. त्यातली एक कामगारांच्या पसंतीची. गेल्या वेळी कामगारांच्या बाजूनं मी बैठकीत होतो. इतक्या वर्षांत कधी अर्ज न करणाऱ्या मामांचा अर्ज आला. सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं की कॅनडात फेब्रुवारी महिन्यात कुटुंबासाठी सुट्टी देतात. आपणही त्या महिन्यातला एक रविवार द्यावा. कारण म्हणून खाली एकच ओळ होती: "त्या दिवशी झेंडा नसतो व पाहुणेही नसतात."

साहेबांनी अर्ज मोठ्यानं वाचला. सगळे पोट धरून हसले. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवसाला हात वर झाले, त्यात माझाही होता. गावाहून परतायला तो दिवस मलाही सोयीचा होता.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये मामांनी कुठल्याच देशाचं नाव घेतलं नाही. आठवडाभर घेतलं नाही. ज्या गप्पांचा वीट आला होता, त्यांच्याशिवाय तो रस्ता मला खायला उठला. स्वतःचीच लाज वाटली.

फेब्रुवारीत मी साहेबांच्या हातापाया पडलो आणि मामांना म्हणालो, "या रविवारी रजा टाका. कंटेनर मी भरतो."

"तुम्हाला जमंल?"

"जमंल. जा तुम्ही."

रविवारी माझी कंबर मोडली. सोमवारी बसमध्ये मी त्यांच्या शेजारीच बसलो. "मग? कुठं गेलता? अजिंठा?"

"कुठंच नाय. ती म्हणली, बसा. बसलो." मामा खिडकीबाहेर बघत होते. "दहा वाजेस्तोवर काय बोलावं तेच सुचंना. ती पेपर वाचती, मी पेपर वाचतो. मग ती उठली, म्हणली, चहा टाकते. अन् सैपाकघरातून इचारलं, अहो, तुम्हाला साखर किती लागती?"

मी वळून त्यांच्याकडे पाहिलं.

"तिचीबी चूक नाय. पहाटंचा चहा मीच करून पितो, ती झोपलेली असती; दुपारचा कंपनीत. दोन वर्सं झाली, डॉक्टरनं माझी साखर बंद केली. तिला सांगायचंच राहून गेलतं."

"मग सांगितलं का?"

"तिनं इतक्या हौसेनं इचारलं... म्हणलं, दोन चमचे." मामांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "लई गोड झालता. दोन कप पिलो."