अस्वलाने न केलेली अंघोळ

एका जंगलात जनावरं नाचणी पेरत असत. हसताय काय? तुम्ही पिझ्झा खाता तेव्हा जनावरं हसतात का?

तर त्या जंगलात चार खोरी होती आणि प्रत्येक खोऱ्याची नाचणी निराळी. कुठे तांबडी, कुठे काळपट, कुठे पांढुरकी, तर कुठे बुटकी. प्रत्येक खोऱ्यात करपा नावाची बुरशीही होती. डोळ्यांना दिसणार नाही इतकी बारीक, पण खायला सगळ्यांच्या पुढे. ती कणसाची मान धरायची. मान काळी पडली की कणसात दाण्याऐवजी भुसा राहायचा.

पण बाळांनो, प्रत्येक खोऱ्याचा करपा घरजावयासारखा होता. खायचा तो आपल्याच सासुरवाडीचं, आणि तेही सासूबाईंनी नुसतं नाक मुरडावं इतकंच. शेजारच्या खोऱ्यातल्या नाचणीशी त्याची ओळखदेखील नव्हती.

त्या जंगलात एक जुनी रीत होती. दुसऱ्याच्या खोऱ्यात जायचं तर शिवेवरच्या ओढ्यात डुबकी मारून जायचं. नवरदेव असो नाहीतर चोर असो, आधी अंग धुवायचं. का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. शिवेवरच्या देवीला घामट पाहुणे चालत नाहीत, एवढंच म्हातारी जनावरं सांगत.

एकदा वाघोबा महाराजांना कळलं, की शेजारच्या जंगलातल्या सिंहाने टोळांचा मोठा अभ्यास करून घेतला. महाराजांच्या पोटात दुखू लागलं. "आपल्याकडे अभ्यास करण्यासारखं काय आहे?" त्यांनी प्रधान तरसाला विचारलं.

"करपा आहे, महाराज. सगळ्या खोऱ्यांत मिळून एकच आहे, की प्रत्येकाचा वेगळा, हे कुणाला माहीत नाही."

"मग शोधा!"

काम मिळालं गुणाजी अस्वलाला. तो दोन पायांवर उभा राहून बोलत असे, म्हणून सगळे त्याला विद्वान समजत. गुणाजी तसा मनाने वाईट नव्हता. पण लहानपणापासून त्याला एकच हौस होती. भरल्या दरबारात आपल्या खांद्यावर शाल पडावी.

गुणाजी पहिल्या खोऱ्यात गेला. रोगट कणसं तोडली, हुंगली, चोळून पाहिली आणि आपल्या लांब केसांत खोचून ठेवली. अस्वलाला खिसे कुठले? मग तो दुसऱ्या खोऱ्याच्या शिवेवर आला. तिथे येसूबाई साळू भांडी घासत होती.

"गुणाजीदादा, अंग धुऊन या हो."

"काकू, मी काही पाहुणा नाही. अभ्यासाला आलोय."

"म्हणून काय झालं? पाणी गार नाही काही."

"अहो, धुतलं तर सगळे नमुने वाहून जातील! तुमच्याच भल्यासाठी चाललंय हे."

"भल्यासाठी म्हणता, मग या बापडे," येसूबाई म्हणाली. तिच्या शेतातून गुणाजी कणसांना अंग घासत फिरला. तिसऱ्या खोऱ्यातही तसाच फिरला. चौथं खोरं त्याचं स्वतःचं. तिथे त्याची आई राहत होती. घरचं काय बघायचं, म्हणून ते सोडून तो तिन्ही खोऱ्यांतून आल्या वाटेने परतला.

"महाराज," त्याने दरबारात सांगितलं, "करपा एक नाही. प्रत्येक खोऱ्याचं कूळ वेगळं. एकमेकांत रोटी नाही की बेटी नाही."

महाराजांनी जांभई दिली. "बस, एवढंच? सिंहाकडे टोळांच्या गोण्याभर जाती निघाल्या. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा जा आणि नीट शोध."

पुढच्या पावसाळ्यात गुणाजी गेला आणि थक्क झाला. तांबड्या नाचणीवर काळपट नाचणीचा करपा बसला होता. पांढुरकीवर तर असा बसला होता, की त्याचं कूळ कुणालाच सांगता येईना. गेल्या वर्षी गुणाजीच्या केसांतून सगळे करपे एकमेकांच्या गावी पोचले होते. तिथे त्यांच्या सोयरिकी जमल्या, संसार थाटले आणि पोराबाळांनी दिसेल ती नाचणी खायला घेतली.

"सापडलं!" गुणाजी नाचू लागला. "काकू, नुसत्या तुमच्या शेतात इतकी कुळं! केवढी ही विविधता!"

येसूबाईच्या हातात एक पोकळ कणीस होतं. "दादा, माझ्या पोरांना आंबील कशाची करू, तेवढं सांगा."

गुणाजी नाचायचा थांबला. त्याने पाठ खाजवली. केसांतून करड्या भुशाचा लोट निघाला. त्याने तो भुसा बोटावर घेतला आणि येसूबाईच्या पोकळ कणसाशी ताडून पाहिला.

तिथून तो आईच्या शिवेवर गेला. ओढ्यात उतरला आणि अंग घासघासून धुतलं. कान धुतले, नखंसुद्धा धुतली. आईने केलेली नाचणीची भाकरी खाताना त्याला रडू आलं. "तिखट झालं का रे कालवण?" आईने विचारलं. तो हो म्हणाला.

आता दरबारात खरं सांगून टाकायचं, असं ठरवूनच गुणाजी गेला. पण आधी निष्कर्ष वाचायचा असतो. तो ऐकून महाराज सिंहासनावरून उठलेच. "इतकी कुळं? सिंहाची जिरली! शाल आणा!"

खांद्यावर शाल पडली. फार ऊबदार होती.

"पण गुणाजी, हे घडलं कशाने?"

गुणाजीने तोंड उघडलं. शाल सावरली. "महाराज," तो म्हणाला, "त्याचाही अभ्यास करावा लागेल."

"वा! आणि तुमच्या आईच्या खोऱ्यात काय आढळलं?"

"तिथे जुना एकच करपा आहे, महाराज. नाचणी बरी आहे."

"अरेरे!" प्रधान तरस कळवळला. "म्हणजे ते खोरं मागे पडलं म्हणायचं. महाराज, तिथे एक मोठी समिती पाठवू. सगळी अस्वलंच घेऊ, अनुभवी असतात. अध्यक्ष अर्थातच गुणाजी."

समिती निघाली. तिन्ही खोरी बघत, नमुने खोचत, शेवटी ती चौथ्या शिवेवर पोचली. पलीकडे आई उभी होती. इतके पाहुणे पाहून ती हरखून गेली.

"या रे बाबांनो, या! आधी अंग तेवढं धुऊन घ्या!"

सगळ्या अस्वलांनी अध्यक्षांकडे पाहिलं. गुणाजीने शालीचा पदर वर धरला, मान खाली घातली आणि दगडांवरून पाय टाकत, पाण्याला न शिवता, ओढा ओलांडला.

तात्पर्य : दुसऱ्याच्या शेतात जाताना अंग धुऊन जावं, असं जुनीजाणती सांगतात. त्यांचं ऐकू नये. धुतलेल्या अंगावर आजवर कुणी शाल घातल्याचं ऐकिवात नाही. आणि धुवायचंच असेल, तर निदान फक्त आईच्या शिवेवर धुऊ नये. सरकारच्या नजरेत येतं.