इंदूअक्कांच्या पांघरुणाचा काठ

आमच्या रायापूरच्या इंदूअक्का माणसाचा चेहरा नंतर बघतात, आधी त्याच्या स्वेटरची उलटी बाजू बघतात. पहिल्याच भेटीत त्यांनी फाटकात माझी बाही उलटून पाहिली आणि म्हणाल्या, "कुणी विणलं हे? दहापैकी चार." स्वेटर माझ्या सासूबाईंनी विणला होता. सासूबाई शेजारीच उभ्या होत्या.

जन्मभर शाळेत गणित शिकवलेल्या या बाई. चूक दिसली की त्यांना राहवत नाही. पण मागच्या थंडीत मी त्यांना स्वतःचंच विणकाम पाच वेळा उसवताना पाहिलं. लोकरीचं एक पांघरूण विणून केव्हाच झालं होतं. अडलं होतं ते त्याच्या नक्षीच्या काठावर. दोन टाके सुलट, दोन उलट, मध्ये पानं.

"काठ ताणला पाहिजे आणि सोडला की जागेवर आला पाहिजे," अक्कांचा हट्ट.

त्यासाठी दुर्गदबैलच्या बाजारात मला सोबत नेऊन त्यांनी लोकरीचा एकेक गुंडा ओढून पाहिला. शेवटी कानडी दुकानदारानं हात जोडले. "साकु अक्का, साकु."

"पुरे कसं? निळी राहिलीय अजून."

काठ जमला तेव्हा मी मुद्दाम बघायला गेले. पांघरूण त्यांच्या धाकट्या भावाच्या, अप्पांच्या अंगावर होतं. अप्पा वकील. वर्षापूर्वी त्यांचा उजवा हात लुळा पडला, बोलणं अडखळायला लागलं. ताठा मात्र तसाच. बोटांच्या व्यायामासाठी डॉक्टरांनी दिलेला रबरी चेंडू त्यांनी डाव्या हातानं खिडकीबाहेर भिरकावला होता. मी काय लहान मूल आहे, म्हणून.

"लहानपणापासून पांघरुणाचा काठ ओढत बसायची सवय आहे त्याला," अक्का स्वयंपाकघरात मला हळूच म्हणाल्या. "घट्ट विणला तर बोटं दमतात, सैल विणला तर जोर लागत नाही. त्याला सांगू नकोस हं."

मग बाहेर येऊन वर्गातल्या आवाजात म्हणाल्या, "अप्पा, काठ नवा आहे. ओढायचा नाही, सांगून ठेवते."

अप्पांनी बहिणीचं आजवर काही ऐकलं नव्हतं. माझ्याकडे बघून ते मिस्कील हसले, उजव्या हाताची बोटं कशीबशी काठात अडकवली आणि ओढायला लागले.

अक्का पाठ फिरवून सुया आवरत होत्या. मी अगदी जवळ होते म्हणूनच ऐकू आलं. ओठांतल्या ओठांत त्या कानडीत मोजत होत्या, "ओंदु, एरडु, मूरु..."