चौदा सह्यांची गाडी

मला फसवणं शक्य नाही! ही फुशारकी समजू नका. सव्वीस वर्षं परीक्षेच्या हॉलमध्ये पर्यवेक्षक म्हणून येरझाऱ्या घातलेला माणूस बोलतोय. बुटात, बाहीत, पाण्याच्या बाटलीच्या लेबलामागे, कुठे कुठे म्हणून चिठ्ठ्या लपवतात लोक! मी सगळ्या बाहेर काढल्या. एकदा तर एकाच्या पायाला प्लास्टर दिसलं, तेही मी दाबून पाहिलं. तो किंचाळला, तेव्हा कुठे माझी खात्री पटली.

त्यामुळे जुनी गाडी घ्यायची ठरली तेव्हा आमच्या घरात कुणी काळजी केली नाही. काळजी करायची तर ती विकणाऱ्याने.

गाडी हवी होती ती हिला. आमच्या हिने एक्कावन्नाव्या वर्षी गाडी शिकून पहिल्या फटक्यात लायसन्स काढलं, आणि तेही एवढ्याचसाठी की बाबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, तळ्यावर न्यायचं. बाबांचं वय नव्वद. गुडघ्यांमुळे दोन वर्षांत त्यांनी घराचं फाटक ओलांडलेलं नाही. शिवाय लहानपणी त्यांनी हिला "तुला साधी सायकलसुद्धा जमत नाही!" असं म्हटलं होतं, आणि ते ही अजून विसरलेली नाही. रविवारची सकाळ ठरली. बुधवारीच बाबांचा फोन आला की शर्टाला इस्त्री करून ठेवली आहे.

गाडी आम्ही घेतली एका निवृत्त दातांच्या डॉक्टरांकडून, आधीच्या रविवारी. गाडी सतरा वर्षांची, पण लखलखीत! मला तिथेच पहिला संशय आला. सतरा वर्षांची वस्तू इतकी स्वच्छ राहतेच कशी? मी हातात टॉर्च घेऊन तीन तास गाडी तपासली. सीटखाली पाहिलं, डिकी पाहिली, बॉनेट उघडून कंबरेपर्यंत आत वाकलो. तेवढ्या वेळात डॉक्टरांनी मला तीनदा चहा दिला. तीनदा! कुणी उगाच कुणाला तीनदा चहा देतं का, तुम्हीच सांगा.

"सर, तुम्ही आठ दिवस चालवून बघा," डॉक्टर म्हणाले. "नाही पटली तर पुढच्या रविवारी संध्याकाळपर्यंत आणून द्या. मी आनंदाने ठेवून घेईन. जीव आहे हो माझा हिच्यात. डोळ्यांनी दगा दिला म्हणून देतोय, नाहीतर दिली नसती."

माणूस इतका चांगला वागायला लागला की समजावं, पाणी मुरतंय.

आणि मुरतच होतं! गाडी घेऊन त्यांच्या फाटकाबाहेर पडलो, डावीकडे वळलो, तो खालून आवाज आला, खर्रर्र... टक्! उजवीकडे वळलो, खर्रर्र... टुक्! घरी येऊन बघतो तर माझी टॉर्चही गायब. लगेच फोन लावला.

"डॉक्टर, माझी टॉर्च तुमच्याकडे राहिली आहे."

"इथे तर दिसत नाही हो."

"बघा, असेल. आणि गाडी वळताना आवाज करते, ते तुम्ही बोलला नाहीत."

"आवाज? सतरा वर्षांत मला कधी ऐकू आला नाही."

"कान तपासून घेतलेत का एवढ्यात?"

मग ते म्हणाले, "टॉर्च बघतो मी." अहो, ज्याने वस्तू घेतलेली असते तो हेच म्हणतो, बघतो!

मी एक वही सुरू केली. कोणत्या वळणावर टक्, कोणत्या वळणावर टुक्, सगळी नोंद. सोमवार-मंगळवार गाडी मीच चालवली, तपासणीसाठी. ही म्हणाली, "अहो, टक् काय नि टुक् काय, फरक काय पडतो?" मी म्हटलं, "अगं, फरकातच तर सगळी गोम असते!" तिने गाडीची किल्ली मागितली. मी वही दिली.

बुधवारी कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये गेलो. तिथला मेकॅनिक फार कमी बोलतो. त्याने एक चक्कर मारली, बॉनेट उघडून पाच मिनिटं आत हात घातला आणि बाहेर काढला.

"आत काहीतरी लोळतंय," तो म्हणाला. "इंजिनखालचा पत्रा काढून बघावा लागेल. गाडी दोन तास ठेवून जा."

"ठेवून जा?"

"होऊन जाईल."

"मी इथेच बसतो."

"बसा. मग चार तास लागतील."

तुमच्या लक्षात आलं ना? मालक समोर नको! चांगले पार्ट काढायचे आणि दुसऱ्याचे भंगार बसवायचे, हा उद्योग मला ठाऊक नाही असं त्याला वाटलं. वर सहज बोलून गेला, "ही डॉक्टरांची गाडी ना? ते माझ्याकडेच यायचे," आणि हसला. हसताना त्याचे दात अगदी एका रांगेत दिसले. ते कुणी बसवले असतील? मी गाडी घेऊन तडक घरी आलो.

गाडी ठेवायला माझी हरकत नव्हती, पण बंदोबस्त करूनच ठेवणार होतो. परीक्षेत आम्ही काय करतो? प्रत्येक पुरवणीवर सही करतो, तारीख घालतो आणि दोऱ्याने अशी बांधतो की आतलं एक पान इकडचं तिकडे होऊ नये. गुरुवारी दुपारी ही जरा आडवी झाली, तसा मी लाल मार्कर आणि पुरवणीच्या दोऱ्याचं बंडल घेऊन बाहेर गेलो. बॅटरीवर सही केली. एअर फिल्टरच्या डब्यावर सही, हॉर्नवर सही, रेडिएटरच्या झाकणावर छोटी सही. एकूण चौदा सह्या, तारखेसकट! रबराच्या नळ्यांवर मार्कर उमटेना, म्हणून त्यांना दोरा बांधला आणि वर माझी खास गाठ मारली. या गाठीचं मुख्याध्यापकांनी एकदा भर सभेत कौतुक केलेलं आहे. चांगली घट्ट आवळली. बॉनेट बंद करताना मला इतकं समाधान वाटलं की काय सांगू!

शुक्रवारी सकाळी गॅरेजकडे निघालो. सपाट रस्त्यावर गाडी ठीक होती. पाण्याच्या टाकीजवळचा चढ लागला आणि गाडी तीनदा खोकून बंद पडली! पाच मिनिटांनी सुरू झाली, शंभर पावलं गेली, पुन्हा बंद. असं आधी एकदाही झालेलं नव्हतं.

मी जागच्या जागी हिशेब मांडला. मंगळवारी गाडी धडधाकट होती. बुधवारी त्या मेकॅनिकने आत हात घातला. शुक्रवारी गाडीला धाप लागली. आता याला काय पुरावा हवा? आणि तो डॉक्टरांचा माणूस! दोघं मिळालेले होते. मी गाडी फिरवली, घरी आलो आणि कागद लिहायला घेतला. "मी, खाली सही करणार, सदर गाडी संशयास्पद आढळल्याने कायमची परत करीत आहे." खाली सही, तारीख.

हिने कागद वाचला. "रविवारी बाबांना न्यायचंय."

"अगं, फसवलंय आपल्याला!"

"मुदत संध्याकाळपर्यंत आहे ना? मग संध्याकाळी काय हवं ते करा. सकाळ माझी आहे."

नंतर स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं, तर ही उभ्या गाडीत एकटीच बसून स्टीअरिंग फिरवत होती. वळायच्या आधी आरशात बघत होती, सिग्नलसुद्धा देत होती. मला फार वाईट वाटलं. पण वाईट वाटतं म्हणून नियम सोडता येतो का?

रविवार उजाडला. ही गाडी चालवत होती, शेजारी इस्त्रीच्या शर्टात बाबा, दोन गुडघ्यांत काठी धरून. मागे मी आणि माझी वही. पहिलं वळण आलं. खर्रर्र... टक्!

"दार वाजवतंय का कुणी?" बाबांनी विचारलं.

"नाही बाबा, गाडीचा आवाज आहे," ही म्हणाली. मी नोंद केली.

तळ्याच्या आधी लांबलचक चढ आहे. अर्ध्या चढावर गाडी खोकली, गचके दिले आणि थांबली. हिने हँडब्रेक ओढला. किल्ली फिरवली, पुन्हा फिरवली, तिसऱ्यांदा फिरवली. मी म्हणालो, "मी सांगत होतो!" आरशात मला फक्त तिचे डोळे दिसले, आणि मी आरशात बघायचं बंद केलं.

"राहू दे गं," बाबा हळूच म्हणाले. "इथूनही छान दिसतंय."

तिथून फक्त एका गोदामाची मागची भिंत दिसत होती.

हिने मेकॅनिकला फोन केला. मी डॉक्टरांना केला. म्हटलं, होऊन जाऊ दे समोरासमोर! वीस मिनिटांत दोघं हजर झाले, आणि एकाच स्कूटरवरून! मी हिला कोपराने ढोसलं. "बघितलंस?"

"यांना म्हटलं, जाताना मला घ्या," डॉक्टर उतरत म्हणाले. "मला आता चालवता येत नाही ना."

मी त्यांच्या हातात कागद ठेवला. त्यांनी तो अगदी डोळ्यांजवळ धरून वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि पिशवीतून एक खोकं काढलं.

"सर, तुमची टॉर्च काही सापडली नाही. सगळं घर पालथं घातलं. माझ्यामुळे तुमचं नुकसान नको, म्हणून नवी आणली आहे."

ही तर कबुलीच झाली! मी मान हलवून टॉर्च घेतली.

तेवढ्यात मेकॅनिकने बॉनेट उघडलं. तो नुसता बघत राहिला. मग मान वळवून म्हणाला, "सर, गाडी परीक्षेला बसली होती का?"

बाबा काठी टेकत टेकत उतरले. नव्वदीत नजर मात्र घारीची! त्यांनी मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "बॅटरी. सही, तारीख. हॉर्न. सही, तारीख. हे कसलं झाकण? इथेही सही... जावईबापू, ही तुमचीच ना?"

"ती... खबरदारी म्हणून," मी म्हणालो.

"आणि ही खबरदारी पेट्रोलच्या नळीला बांधलीय," मेकॅनिक म्हणाला. "गळाच आवळलाय तिचा. सपाटीवर कशीबशी चालेल, चढावर पेट्रोल कुठून येणार?" त्याने गाठ सोडवायचा प्रयत्न केला. सुटली नाही. मुख्याध्यापक उगाच कौतुक करत नाहीत! शेवटी त्याने ब्लेडने दोरा कापला, हिने किल्ली फिरवली आणि गाडी एका दमात सुरू झाली.

"आता ते लोळणारं पण बघून घेतो," असं म्हणत त्याने गाडी बंद करायला लावली, चाकांमागे दगड लावले आणि तो खाली शिरला. चार स्क्रू निघाले. पत्रा खाली आला आणि त्यातून काहीतरी काळं, लांबट बाहेर पडलं. खर्रर्र करत उतारावरून घरंगळलं आणि डॉक्टरांच्या बुटाला आपटून थांबलं. टक्!

माझी टॉर्च! बॉनेटमध्ये वाकलो होतो तेव्हाच पडली असणार. डॉक्टरांनी ती उचलली, बटण दाबलं. लागली!

"चांगली कंपनी दिसते," बाबा म्हणाले.

मला धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं. पण खरी गंमत तर पुढेच होती. डॉक्टरांनी खिशातून माझा कागद काढला आणि गाडीच्या टपावरून हात फिरवला.

"मात्र सर, गाडी तुम्ही परत केली आहे. लेखी. कायमची."

हिचे हात स्टीअरिंगवर होते, ते तिने काढले नाहीत. बाबांनी एकदा चढाच्या टोकाकडे पाहिलं आणि मान खाली घातली. त्या माणसाचा गाडीत जीव होता, कागद त्याच्या हातात होता, आणि त्यावर माझ्याच अकलेची सही होती.

"डॉक्टर, माझं चुकलं," मी म्हणालो. सव्वीस वर्षांत हे वाक्य मी दुसऱ्यांच्या तोंडून ऐकत आलो होतो.

डॉक्टर बॉनेटजवळ गेले. कागद बॅटरीशेजारी धरला, टॉर्चचा उजेड पाडला आणि बराच वेळ बघत राहिले.

"जुळत नाही," ते म्हणाले.

"काय जुळत नाही?"

"सही. बॅटरीवर शेवटची रेघ वर जाते, कागदावर खाली. माझे डोळे अधू आहेत, पण एवढं दिसतं मला. मला तर संशय येतोय बुवा. असला कागद मी मानणार नाही." आणि त्यांनी तो टराटरा फाडला!

दोन्ही सह्या माझ्याच होत्या हो! बॅटरीवरची वाकून केली होती म्हणून हात हलला होता. पण आयुष्यात पहिल्यांदाच डोळ्यांसमोर ढळढळीत खोटं चाललेलं असताना मी गप्प बसलो.

हिने डोळे पुसले आणि आवाज कडक केला. "डॉक्टर, तुम्हीही चला. आणि सर, तुम्ही मागे बसा. दोन्ही हात समोर, बाकावर दिसले पाहिजेत!"

हे माझं हॉलमधलं वाक्य. मी दोन्ही हात पुढच्या सीटच्या पाठीवर ठेवून बसलो.

तळं आलं. बाबांनी काच खाली केली. तळ्याकडे त्यांनी मिनिटभर पाहिलं असेल, लेकीकडे मात्र बराच वेळ बघत होते. "सायकल काही जमली नाही तुला," ते म्हणाले. "हे मात्र झकास जमलंय." ही इतकी हसली की मला दोन दिवसांनी बरं वाटलं.

परत येताना पहिलं वळण आलं. टक्!

मी वही उघडली नाही. दुसरं वळण, पुन्हा टक्! मी दातांवर दात दाबून बसलो. तिसऱ्या वळणाला हळूच एक हात खाली घातला, तेव्हा कळलं. माझ्या दोन खिशांत दोन टॉर्च होत्या आणि त्यातली एक दाराच्या हँडलवर आपटत होती.

हे मी घरात कुणालाही सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका. मी सुधारलोय आता. फक्त घरी आल्यावर दोन्ही टॉर्चवर लाल मार्करने सही करून ठेवली. तारखेसकट!