म्हाताऱ्याला देवळापर्यंत

रविवारी दुपारी जेवण उरकून मयुरेशने गेम लावला आणि बराच वेळ नुसता बघत बसला. आधी अपडेट उतरलं. मग पासवर्ड विचारला. मग राजघराण्याची गोष्ट सुरू झाली. ती तो आठवडाभर रोज पाहत होता आणि कुठल्याही बटणाने ती पुढे ढकलता येत नव्हती. गेम बनवणाऱ्यांना आपली गोष्ट फारच आवडली असावी.

त्यानंतर तो म्हातारा. कंदील घेतलेल्या एका म्हाताऱ्याला जंगलातून डोंगरावरच्या देवळापर्यंत सुखरूप न्यायचं होतं. आपण धावलो की म्हातारा मागे राहायचा, चाललो की पुढे निघून जायचा. ताटातूट झाली की लांडगे त्याला खायचे आणि सगळं पहिल्यापासून. मध्ये थांबवायची सोय नाही. खेळ सेव्ह होणार तो थेट देवळात, तोही आधीचं सगळं पुसून. ऑफिसमधून आल्यावर रोज एकदा म्हाताऱ्याला लांडग्यांच्या तोंडी द्यायचं आणि झोपायचं, असं मयुरेशचं चाललं होतं. आज मात्र तो अर्धा डोंगर चढला होता.

"अहो, आत्या निमाणी स्टँडवर उतरल्यात," स्वयंपाकघरातून आभा म्हणाली. "आणायला जा."

"थोडं थांब ना."

"मी थांबते. आत्यांना तुम्ही सांगा फोनवर."

नामपूरहून आलेल्या गोदावरीआत्याला थांबायला सांगायची हिंमत त्या घरात कोणाचीच नव्हती. मयुरेशने हताश होऊन इकडेतिकडे पाहिलं. कोचावर त्याचे वडील ढुंढिराज गुरुजी पेपर वाचत होते. रामकुंडावर यात्रेकरूंचे विधी करण्यात त्यांचा जन्म गेला होता.

"अण्णा, हे धरा. हा दांडा पुढे ढकलला की आपला माणूस चालतो. म्हाताऱ्याला सोडू नका. देवळात पोचलं की झालं."

"देव कुठला?"

"अण्णा, प्लीज!" म्हणत मयुरेश जिना उतरला.

आत्याला आणि तिच्या दोन पिशव्यांना स्कूटरवर बसवून तो निघतो न निघतो, तोच फोन वाजला.

"पोचलो रे आम्ही," अण्णा म्हणाले.

मयुरेशने स्कूटर बाजूला घेतली. "पोचलात? कसे?"

"कसे म्हणजे? यात्रेकरूला नेतो तसे. तो थांबला की थांबायचं, निघाला की निघायचं. पण आपल्या माणसाच्या पायात जोडे आहेत."

"असू देत. तसेच आत जा."

"देवळात? जोडे घालून?"

वाद घालण्यात अर्थ नव्हता. "बरं, त्रिकोणाचं बटण दाबा. सामानाची पिशवी उघडेल. जोड्यांवर जाऊन परत दाबा, निघतील."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं काय?"

"बघतो मी," म्हणून अण्णांनी फोन ठेवला. मयुरेशने स्कूटर घराकडे पिटाळली.

गल्लीच्या तोंडाशी यात्रेकरूंची ही गर्दी. स्कूटर तिथेच लावून दोघं पायी निघाले. मयुरेश झपाझप चालला की आत्या मागे राहायची. "मला टाकून कुठं पळतोस रे?" तो थांबला की ती त्याला ओलांडून भाजीवालीपाशी जायची आणि मेथीची जुडी हातात घेऊन परत खाली ठेवायची. पुढे ओळखीच्या कुसाबाई भेटल्या. कुसाबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन सुरुवातीपासून ऐकावं लागलं. तेही पुढे ढकलता येत नव्हतं.

घरात शिरताच आत्या म्हणाली, "आधी हातपाय धू."

हातपाय धुऊन तो धावत टीव्हीसमोर आला. देवळातली घंटा वाजत होती आणि कोपऱ्यात सेव्ह झाल्याची खूण होती.

"अण्णा! झालं! तुम्ही ग्रेट आहात!" असं ओरडून मग त्याने आपल्या माणसाकडे पाहिलं.

त्याचा शूर योद्धा गाभाऱ्यात लंगोटीवर हात जोडून उभा होता. चिलखत नाही, ढाल नाही, तलवार नाही.

"सोवळ्यात नेला," अण्णा समाधानाने म्हणाले. "चामड्याचं अंगावर काही ठेवलं नाही."

"तलवार कुठंय?"

"म्हाताऱ्याला दिली. सगळंच दिलं. पिशवीत देण्याचं बटण होतं."

"अण्णा, अहो का पण?"

गुरुजी जरा घुटमळले. "जन्मभर घाटावर लोकांकडून दान घेतलं रे. म्हटलं, आज देऊन बघू. फार बरं वाटलं."

मयुरेशला भयंकर राग आला होता आणि आता तो काढायचा कुणावर, हे कळत नव्हतं. तो टीव्हीसमोर खाली बसला.

"मग मागून घे की परत," आत्या म्हणाली.

"दिलेलं दान परत मागतात का अक्का? आणि तो गेला पण. फार पाया पडला बिचारा."

इतक्यात धाडकन देवळाचं दार बंद झालं आणि मूर्तीमागून ताडमाड राक्षस गदा फिरवत बाहेर आला.

"हा कोण?" अण्णांनी विचारलं.

"आता याला मारायचंय," मयुरेश म्हणाला.

गुरुजींनी चष्मा नीट करून राक्षसाकडे पाहिलं, मग लंगोटीतल्या योद्ध्याकडे पाहिलं आणि कंट्रोलर हळूच मुलाच्या मांडीवर ठेवला.

"देवळात पोचलं की झालं, असं तूच म्हणालास," ते म्हणाले आणि त्यांनी पेपर उघडला.