टेन्शनची कमतरता

माणदेशातून रिकाम्या हाताने निघालेले हौसेराव भोईटे, त्यांचे चिरंजीव, वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात गाळा मिळवणारे धनाजी आणि धनाजींचे पुत्र, फोर्टातल्या कचेरीत नोकरीला जाणारे दिलीप, अशा तीन पिढ्यांनंतर भोईट्यांच्या घरात राजनंदिनी जन्माला आली. या तीनही पुरुषांना हाक मारली की ते ‘ओ’ देत असत. राजनंदिनी देत नसे.

सात वर्षांच्या मुलीने ‘ओ’ द्यावा अशी शाळेची अपेक्षा होती. शिवाय तिने बाकावर बसावे, शिकवणे चालू असताना उठून खिडकीच्या गजांना हात लावत फिरू नये, अशीही होती. अखेर शाळेने कळवले की मुलीचे नेमके काय आहे आणि तिला कसे शिकवावे, हे डॉक्टरांकडून लिहून आणा. नाहीतर जूनपासून दुसरी शाळा पाहा.

धनाजींच्या पश्चात सीवूड्सच्या त्या घराचा कारभार त्यांच्या पत्नी राहीबाईंकडे होता. शाळा आणि डॉक्टर आतून एक आहेत, असा त्यांना पहिल्या दिवसापासून संशय होता. सूनबाईही त्यांना सामील असाव्यात असे वाटत होते, कारण चारुलता डॉक्टरांकडून आली ती दिलीपशी दबक्या आवाजात बोलू लागली. राहीबाई स्वयंपाकघरात होत्या. त्यांनी कान दिला.

चारुलता सांगत होती की डॉक्टरांना दोन शंका आहेत. एक ऑटिझमची, म्हणजे मूल आपल्यातच मग्न राहते. आणि दुसरी, मुलीला अटेन्शन कमी आहे. नेमक्या त्या क्षणी कुकरची शिट्टी झाली आणि तिने ‘अटेन्शन’मधला ‘अ’ गिळून टाकला.

मुलीला टेन्शन कमी आहे, हे सांगायला डॉक्टर फी घेतो, याचे राहीबाईंना नवल वाटले.

त्यानंतर घरात दोन पक्ष पडले. दिलीपचे म्हणणे, पोरगी नुसती चंचल आहे. एक चप्पल घालते आणि दुसरी विसरून पळते. चारुलताचे म्हणणे, मग तीच पोरगी कांद्यांची लहान-मोठी रांग लावत तासभर जागची हलत नाही, त्याचे काय? शाळेत जाताना एक वळण बदलले तर रडून आकांत करते, त्याचे काय? डॉक्टरांनी दोघांनाही लक्ष ठेवायला सांगितले होते. त्यांच्या मते दोन्हींपैकी एकच काहीतरी निघणार होते.

राहीबाईंनी मात्र उपचारच सुरू केला. ज्या गोष्टीची कमतरता, ती भरून काढायची, इतके साधे वैद्यक त्यांना ठाऊक होते. शनिवारी दुपारी नवरा-बायको बाजारात गेल्यावर त्यांनी नातीला समोर बसवले.

“संध्याकाळपास्नं पानी बंद हुनार हाय,” त्या गंभीरपणे म्हणाल्या.

“सगळ्यांचं?”

“सगळ्यांचं. आलं का टेन्शन?”

राजनंदिनीने विचार केला. “नाही आलं.”

आजार खोलवर गेला आहे, हे ओळखून राहीबाई जरा आडव्या झाल्या. राजनंदिनीने एक चप्पल घातली आणि ती निघाली. आजी बोलली म्हणजे ते खरे. आणि खरे आहे तर सगळ्यांचे बंद होणार, तेव्हा सगळ्यांना सांगायला हवे. तिने इमारतीतल्या प्रत्येक दाराची बेल वाजवली, तेच वाक्य शब्दशः सांगितले, “आलं का टेन्शन?” असे विचारले आणि पुढचा प्रश्न यायच्या आत ती जिना चढली.

परत आल्यावर तिने आजीला हलवून उठवले. “सगळ्यांना आलं, आजी. फक्त आपल्याच घरात नाही आलं.”

तोवर घराघरांत नळ सुटले होते. पिंप, बादल्या, घागरी भरल्या. तळमजल्यावरच्या अरुणाबाईंनी तर पुरणाचे पातेले आणि बाळाचा टबही भरून ठेवला. संध्याकाळ व्हायच्या आत गच्चीवरची टाकी कोरडी पडली आणि पाणी खरोखरच बंद झाले.

आता साऱ्या इमारतीला संशय आला. एवढ्याशा मुलीला आधी कसे कळले? कोणी म्हणाले, सेक्रेटरी श्यामसुंदर टँकरवाल्याला मिळालेले आहेत. श्यामसुंदर घाम पुसत भोईट्यांच्या दारात आले. दिलीप आणि चारुलता पिशव्या घेऊन नुकतेच पोहोचले होते.

“बाळ, पाण्याचं तुला कुणी सांगितलं?” श्यामसुंदरांनी विचारले.

“आजीनं. मला टेन्शन यावं म्हणून.”

“काय हो आजी, सोसायटीत खोटी अफवा उठवता?”

“खोटी?” राहीबाईंनी पदर सावरला. “नळ सोडून बगा की. हाय का पानी?”

श्यामसुंदरांनी आत जाऊन खरोखरच नळ सोडून पाहिला.

चारुलताने मात्र सगळे ऐकल्यावर कपाळाला हात लावला. डॉक्टर ‘अटेन्शन’ म्हणाले होते, म्हणजे लक्ष, हे तिने सासूबाईंना समजावून सांगितले. राहीबाईंनी ते ऐकून घेतले आणि सोमवारी डॉक्टरांकडे आपणही येणार असल्याचे जाहीर केले. आपल्या माघारी डॉक्टर काय लिहून देतो, यावर त्यांना नजर ठेवायची होती.

डॉक्टरांनी पाण्याची हकिकत ऐकली आणि पेन खाली ठेवले. ते म्हणाले, ऐकले ते शब्दशः खरे धरणे, समोरचा उगाच घाबरवतो आहे हे न ओळखणे, हे एकीकडे जाते. आणि विचार येताच एका चपलेवर धावत सुटणे, हे दुसरीकडे. हाकेला ‘ओ’ न देणे मात्र दोन्हींत दिसते. एका मुलाचे मन दहा ठिकाणी असते, दुसऱ्याचे एकाच ठिकाणी खोल गेलेले असते. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. पण निदानाच्या त्यांच्या जुन्या पुस्तकाप्रमाणे दोन्ही एकत्र लिहिता येत नव्हती.

“मग पुस्तक अपुरं आसंल,” राहीबाई म्हणाल्या. “पोरगी पुरी हाय.”

डॉक्टरांनी राजनंदिनीकडे पाहिले. ती टेबलावरच्या टाचण्या लांबीप्रमाणे लावत होती आणि पाय हलवत होती. मग त्यांनी लिहायला घेतले: दोन्हींची लक्षणे आहेत, पहिल्या बाकावर बसवावे, एका वेळी एकच गोष्ट सांगावी, थोड्या थोड्या वेळाने फिरू द्यावे आणि ठरलेले आयत्या वेळी बदलू नये. शाळेत ठेवायला हरकत नाही.

“आनि मी काय येगळं म्हनत हुते?” राहीबाईंनी दिलीपकडे पाहिले. “पयल्यापास्नं मी अटेन्शनच म्हनत हुते.”

“नाही, आजी,” टाचण्यांवरची नजर न काढता राजनंदिनी म्हणाली. “तू टेन्शन म्हणालीस. ‘अ’ नव्हता.”

भोईट्यांच्या घरात राहीबाईंचा शब्द आजवर कोणी दुरुस्त केला नव्हता. दिलीपने छताचा पंखा निरखला. चारुलताने पर्समध्ये काहीतरी शोधायला सुरुवात केली.

राहीबाईंनी नातीकडे पाहिले. मग खुर्ची पुढे ओढून त्यांनी डॉक्टरांच्या कागदावर बोट ठेवले.

“लिवा, डाक्टर, सगळ्यात वर. माज्या तोंडचं एक अक्षर गळालं, ते ह्या पोरीनं धरलं. हिचं ध्यान नसतं म्हननाऱ्या बाईंना म्हनावं, वर्गात बोलताना जरा जपून.”