बघायची पट्टी

नागनाथच्या लेथ मशीनपासून दिनकरराव डॉक्टरांचा हाडांचा दवाखाना जेमतेम एक किलोमीटर. पण तेवढ्या वाटेत पाकीट फुटायचंच.

मोडलेलं हाड जोडायची पोलादी पट्टी नागनाथ परभणीतच बनवायचा. त्याची बायको पंचफुला ती दुहेरी कागदी पाकिटात बंद करायची आणि दुकानातल्याच वाफेच्या यंत्रात पाकीट निर्जंतुक व्हायचं. पेशंटच्या माणसानं ते न्यायचं, डॉक्टरांनी ऑपरेशनच्या खोलीत उघडायचं. एवढंच. पण जिथं मडकं वाजवल्याशिवाय कुणी घरी नेत नाही, तिथं सख्ख्या आईच्या हाडाला लागणारी वस्तू न बघता कोण नेणार?

पेडगावच्या बन्सीधरनं पट्टी काढून दातानं चावून बघितली. पाथरीच्या किशनरावांनी भोकं मोजली. मग नागनाथनं पाकिटावर लाल शाईत 'उघडू नये' लिहिलं, तर ते पाकीट तिघांनी मिळून उघडलं.

"उगडू नये लिव्हलं म्हणूनच बगितलं," त्यांतला एक म्हणाला. "म्हणलं, काय लपवायलेत?"

पाकीट फुटलं की परत कागद, परत वाफ आणि ऑपरेशन दुसऱ्या दिवशी. शेवटी डॉक्टर कडाडले, "नागनाथ, उद्या झरीच्या कस्तुराबाईंचं ऑपरेशन आहे. हेही पाकीट उघडं आलं, तर यापुढं पट्ट्या पुण्याहून मागवीन!"

दुकानाला दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. नागनाथ घरी येऊन डोकं धरून बसला.

"पत्र्याच्या डब्यात घालून झाकणाला डाग देऊन टाकू का?"

"आन् डॉक्टर काय छिन्नी घेऊन उगडतेल?" पंचफुला म्हणाली. ती आठ महिन्यांच्या लेकाला पेज भरवत होती आणि तो चमच्यावर झडप घालत होता. तिनं फळीवरचा दुसरा चमचा त्याच्या मुठीत दिला. तो बोळक्या हिरड्यांनी चमचा चावत रमला. मधेच आ करायचा, आणि पहिल्या चमच्यानं पेज मुकाट आत जायची.

पंचफुलाचा हात थबकला. "आवो, हिसकून कशाला घ्यायचं? दुसरं द्यायचं की!"

सकाळी पाकिटाला बाहेरून दोऱ्यानं दुसरी पट्टी बांधलेली होती. चिठ्ठी होती, 'ही बघायची.'

"चावून बगू का?" कस्तुराबाईंच्या लेकानं, लिंबाजीनं विचारलं.

"खुशाल!"

लिंबाजीनं चावली. दवाखान्यात खाटेवर पडलेल्या कस्तुराबाईंनी तिला हळदकुंकू वाहिलं, कपाळाला लावली. "बाई, माज्या मांडीला जप गं." बंद पाकिटाकडं कुणी ढुंकूनही बघितलं नाही.

दवाखान्याच्या व्हरांड्यात पंचफुला लेकाला कडेवर घेऊन उभी होती. शेजारी नागनाथ. लिंबाजीनं अखंड पाकीट डॉक्टरांच्या हातात ठेवलं.

"वा!" डॉक्टरांनी ते उलटंपालटं केलं. "कडेला सुरकुतीसुद्धा नाही. लय झकास! बघू बरं, आतून कसं..."

टर्र.

नर्स सरजाबाईंनी पदर तोंडाला लावला. लिंबाजी दोन पावलं मागं सरकला.

"साहेब, मी न्हाई उगडलं बरं का."

डॉक्टर हातातल्या फाटक्या कागदाकडं बघत राहिले. पेजेची वाटी पालथी केल्यावर पंचफुलाचा लेक बघायचा, अगदी तस्संच.

पंचफुलानं खांद्यावरची पिशवी उतरवली. वर लेकाचं झबलं, लंगोट. खाली धुतलेल्या डब्यात दुसरं पाकीट. बंद. वाफेतून काढलेलं.

"आगं, हे कधी केलंस?" नागनाथ चकित झाला.

"लेकरू घिऊन भाईर पडताना एकच लंगोट घिऊन कोन निगतं?"

ऑपरेशन वेळेवर झालं. पुण्याचं नाव डॉक्टरांनी पुन्हा काढलं नाही.

पुढच्या आठवड्यापासून प्रत्येक पाकिटाला बाहेरून दोन पट्ट्या बांधलेल्या असत. एकीवर चिठ्ठी, 'घरच्यांनी बघायची.' दुसरीवर, जरा जपून काढलेल्या अक्षरात, 'डॉक्टरसाहेबांनी बघायची.'

डॉक्टर ती चष्मा वर करून बघायचे. एकदा दार लोटून चावूनही बघितली, असं सरजाबाई सांगतात.